विश्राम बेडेकर : एक कादंबरी आणि अनेक बोलपट

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हीं गांवें एकामागून एक लागतात. अंबरनाथची ख्याति तेथील शिवालयामुळें; तें इ. स. १०६० च्या सुमाराचें. बदलापूर हें उल्हास नदीच्या कांठचें जुनें गांव. उल्हासनगराची गोष्ट मात्र अगदींच निराळी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत त्या माळावर लष्करानें बराकी बांधल्या. युद्ध संपलें, बराकी ओस पडल्या आणि १९४७ च्या फाळणीनंतर त्याच बराकींतून सिंधमधील निर्वासितांचीं बिऱ्हाडें लागलीं. त्यांतील पुष्कळसे लोक कराचीहून बोटीनें मुंबईस उतरले होते. मागें घर उरलें नव्हतें आणि पुढें घर कोठें आहे तें ठाऊक नव्हतें. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनीं त्या ‘कल्याण कँप’ला ‘उल्हासनगर’ हें नांव दिलें.

घर हरपलेलीं माणसें घेऊन मुंबईच्या धक्क्याकडे येणारी बोट मराठी वाचकाला मात्र अगदींच अनोळखी नव्हती. आठ वर्षांपूर्वींच एका लहानशा पुस्तकांत ती येऊन गेली होती. तें पुस्तक म्हणजे १९३९ सालीं प्रसिद्ध झालेली ‘रणांगण’ ही कादंबरी, आणि तिचे कर्ते विश्राम बेडेकर. नवल असें, कीं हे गृहस्थ कादंबरीकार म्हणून त्यापूर्वीं कोणाला माहीत नव्हते व त्यानंतरहि त्यांनीं दुसरी कादंबरी लिहिली नाहीं. त्यांचा व्यवसाय बोलपटांचा होता. कथा लिहावी, पटकथा रचावी, दिग्दर्शन करावें, एक स्टुडिओ सोडून दुसऱ्यांत जावें, अशा रीतीनें त्यांच्या आयुष्याचीं बहुतेक कर्तीं वर्षें गेलीं. एवढ्या मोठ्या उद्योगाच्या मध्यभागीं ही एकच कादंबरी उभी आहे. आणि आज बेडेकरांचें नांव निघालें कीं प्रथम आठवण होते ती तिचीच.

विश्वनाथ चिंतामण बेडेकर हें त्यांचें मूळ नांव. जन्म १३ ऑगस्ट १९०६ रोजीं, अमरावतीस. वऱ्हाडांतील ह्या तरुणाला पहिली ओढ लागली ती नाटकाची. मास्टर दीनानाथ व चिंतामणराव कोल्हटकर यांच्या बळवंत संगीत नाटकमंडळीशीं त्यांचा संबंध आला, आणि मंडळीसाठीं त्यांनीं लिहिलेलें ‘ब्रह्मकुमारी’ हें नाटक १९३३ मध्यें रंगभूमीवर आलें. परंतु तो काळ नाटकमंडळ्यांना अनुकूल नव्हता. १९३१ मध्यें ‘आलम आरा’ बोलूं लागला होता व १९३२ मध्यें ‘अयोध्येचा राजा’ मराठींत बोलला होता. दहा आण्यांत गाणें, नाच, लढाई आणि राजवाडा असें सारें पाहावयास मिळूं लागल्यावर नाटकाच्या खेळाला रात्र रात्र कोण बसणार? मग नाटकवाल्यांनींच बोलपट काढावयाचें ठरविलें. सांगलीस बळवंत पिक्चर्स ही संस्था निघाली आणि ‘कृष्णार्जुन युद्ध’ (१९३४) ह्या चित्रपटाचें दिग्दर्शन कोल्हटकर व बेडेकर ह्या दोघांनीं मिळून केलें. त्या उद्योगांत संस्थेला जबर खोट आली. दीनानाथांसारख्या गायकाच्या संसारावरहि त्या खोटेचा भार पडला. बेडेकर मात्र त्या पडझडींतून एक नवा धंदा शिकून बाहेर आले. ज्या बोलपटानें त्यांची नाटकमंडळी बुडविली त्यानेंच पुढें त्यांना पोसलें.

ह्या धंद्याचें तंत्र मुळांतून शिकावें म्हणून ते इंग्लंडास गेले. त्या वेळच्या आपल्याकडील दिग्दर्शकांपैकीं असें करणारे फार थोडे होते. बहुतेकांची शाळा म्हणजे स्टुडिओचें अंगणच. परत येण्याच्या सुमारास युरोपवर युद्धाचें सावट दाटलें होतें. नोव्हेंबर १९३८ मध्यें जर्मनींत यहुद्यांचीं दुकानें फोडलीं गेलीं, प्रार्थनामंदिरें जाळलीं गेलीं. त्यांच्या पारपत्रांवर तांबडें ‘जे’ हें अक्षर उमटविलें जाऊं लागलें, आणि तें अक्षर पाहतांच एकामागून एक देश आपलीं दारें लावून घेऊं लागले. परवान्यावांचून उतरतां येईल असें ठिकाण जगांत जवळजवळ एकच उरलें होतें. तें म्हणजे चीनमधील शांघाय. त्या वाटेनें पूर्वेकडे निघालेल्या बोटी मुंबईवरून जात.

‘रणांगणा’चा नायक चक्रधर अशाच एका बोटीवर आहे. तो युरोपांतून स्वदेशीं परत निघाला आहे. एका जुन्या प्रेमभंगानें त्याचें मन कडवट झालें आहे. स्त्रियांविषयींचा त्याचा विश्वास उडाला आहे. त्याच बोटीवर जर्मनींतून हाकललेले यहुदी आहेत, आणि त्यांत हेर्टा ही तरुणी आहे. प्रवासाच्या थोड्याशा दिवसांत दोघांचें प्रेम जुळतें. मुंबई येते. चक्रधराला उतरावयाचें आहे आणि हेर्टाला उतरतां येत नाहीं, कारण जगाच्या लेखीं ती आतां कोणाचीच नाहीं. बोट तिला घेऊन पुढें जाते. पुढची हकीकत पत्रांतून कळते, आणि ती येथें सांगून टाकणें म्हणजे ज्यांनीं पुस्तक अद्याप वाचलें नसेल त्यांचा अपराध करणें होय.

गोष्ट एवढीच. परंतु १९३९ सालीं मराठी कादंबरीचा बाज काय होता हें ध्यानांत घेतलें म्हणजे ह्या पुस्तकाचें वेगळेपण कळतें. त्या काळावर फडके व खांडेकर यांचें राज्य होतें. एकाच्या कथानकांत कलाकुसर, दुसऱ्याच्या भाषेंत ध्येयवाद व अलंकार. ‘रणांगणां’त ह्यांपैकीं कांहींच नाहीं. वाक्यें लहान, कधीं कधीं तर कोरडीं. प्रसंग मध्येंच सुरू होतो आणि मध्येंच तुटतो. लेखक मध्यें पडून कोणाच्या मनाचें निरूपण करीत बसत नाहीं; एक हालचाल दाखवितो, दोन वाक्यें बोलवितो आणि पुढें सरकतो. जर्मन, ज्यू, हिंदी असे सगळे प्रवासी एकाच तक्तपोशीवर वावरतात आणि एकमेकांकडे कोण कसें पाहतो एवढ्यावरून युरोपचें सारें दुखणें कळून येतें. ही रीत कोठून आली असेल, हें सांगावयास मोठ्या संशोधनाची गरज नाहीं. जो मनुष्य वर्षानुवर्षें चित्रांचे तुकडे कापून जोडीत होता, कोणता तुकडा किती लांब ठेवावा आणि कोठें तोडावा ह्याचाच विचार करीत होता, त्याच्या हातून गद्यहि तसेंच कापलें गेलें.

परंतु नाण्याची दुसरी बाजूहि आहे, आणि तीच अधिक महत्त्वाची. त्या काळच्या कोणत्याहि स्टुडिओंत ही कथा चित्रित होणें शक्य नव्हतें. बोलपटाला दहाबारा गाणीं हवींत. नायकनायिकेच्या जोडीला एक विनोदी जोडपें हवें. शेवट गोड नसला तरी निदान पवित्र हवा. नायिका परधर्माची, परदेशची, आणि नायक असा, कीं ज्याच्या वागण्याची प्रेक्षकांना खुशाल चीड यावी! पैसा घालणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हें ठेवण्याची सोयच नव्हती. बेडेकर धंद्यांत जें शिकले तें त्यांनीं ह्या पुस्तकांत वापरलें, आणि धंद्यानें जें करूं दिलें नसतें तेंहि ह्याच पुस्तकांत केलें. पुस्तकाचें मोठेपण ओळखावयास मराठी वाचकांना वेळ लागला. आज मराठींतील निवडक कादंबऱ्यांची कोणतीहि यादी त्याच्यावांचून पुरी होत नाहीं.

साहित्यिकांनीं बोलपटाकडे वळावें ही गोष्ट त्या काळीं नवी नव्हती. खांडेकरांनीं मास्टर विनायकांच्या ‘छाया’ (१९३६) साठीं कथा लिहिली. आचार्य अत्र्यांनीं तर बोलपट लिहिले, काढले, आणि ‘श्यामची आई’ला १९५४ मध्यें राष्ट्रपतींचें पहिलें सुवर्णपदक मिळवून दिलें. परंतु हे लोक नांवलौकिक घेऊन स्टुडिओंत गेले. बेडेकर उलट्या वाटेनें आले; त्यांची कादंबरी स्टुडिओंतून बाहेर आली. परदेशांतील एक तुलना येथें उपयोगी पडेल. आयर्लंडमध्यें १९५० सालीं जन्मलेले नील जॉर्डन हे असेच कादंबरीकार व चित्रपटकार. त्यांनीं प्रथम नांव मिळविलें तें कथालेखक म्हणून. १९७६ मध्यें त्यांचा पहिला कथासंग्रह निघाला, आणि ‘एंजल’ हा पहिला चित्रपट १९८२ मध्यें. पुढें ‘द क्राइंग गेम’च्या पटकथेला ऑस्कर पारितोषिक मिळालें. परंतु चित्रपटांच्या यशाबरोबर त्यांनीं कादंबरी सोडली नाहीं. दर कांहीं वर्षांनीं ते तिच्याकडे परत येत राहिले. तशी उसंत बेडेकरांना मिळाली नाहीं, किंवा त्यांनीं ती घेतली नाहीं. मराठी पुस्तकाच्या विक्रीवर घर चालत नाहीं, हें त्याचें एक उघड कारण. तेवढ्यानें सारा उलगडा होतो असें मात्र नव्हे.

कादंबरीनंतर दोन वर्षांनीं, १९४१ मध्यें, त्यांच्या चित्रपटलेखनाचा उत्तम नमुना पडद्यावर आला. तो म्हणजे व्ही. शांताराम यांनीं प्रभातसाठीं दिग्दर्शित केलेला ‘शेजारी’, हिंदींत ‘पडोसी’. एका खेड्यांत हिंदु व मुसलमान असे दोन म्हातारे शेजारी सख्ख्या भावांप्रमाणें राहतात. गांवानजीक धरण बांधावयाचें ठरतें. त्यांत ज्याचा पैसा गुंतला आहे तो ह्या दोघांच्या मैत्रीला सुरुंग लावतो. अखेर धरण फुटतें आणि त्या लोंढ्यांत दोघे जुने मित्र एकत्रच मरण पत्करतात. हिंदी आवृत्तींत हिंदूची भूमिका मझहर खान यांनीं व मुसलमानाची गजानन जागीरदार यांनीं केली. मुसलमान नटानें हिंदु व्हावें आणि हिंदु नटानें मुसलमान, ही योजना त्या दिवसांत नुसत्या कौतुकाची नव्हती. पाकिस्तानचा ठराव आदल्याच वर्षीं लाहोरास झाला होता. चित्रपटांतलें धरण कागदालाकडाचें होतें. खरें धरण सहा वर्षांनीं फुटलें आणि त्याचें पाणी कल्याणच्या बराकींपर्यंत आलें.

‘शेजारी’चें दिग्दर्शन शांतारामांचें होतें. बेडेकरांनीं स्वतः दिग्दर्शित केलेल्या चित्रपटांपैकीं ‘लक्ष्मीचे खेळ’ (१९३८) व ‘पहिला पाळणा’ (१९४२) हे त्यांच्या काळांत लोकांनीं पाहिले व पुढें विसरले. ह्यांत त्यांचा कमीपणा नाहीं. बोलपटाचें आयुष्यच बहुधा तेवढें असतें. ‘रामशास्त्री’ (१९४४) मात्र टिकला. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल खुद्द रघुनाथरावाला दोषी ठरविणाऱ्या न्यायाधीशाचा तो चित्रपट. त्याच्या दिग्दर्शनाशीं गजानन जागीरदार, विश्राम बेडेकर व राजा नेने अशीं तीन नांवें निगडित आहेत. तीन हातांनीं काढलेलें चित्र एकजिनसी दिसावें ही प्रभातच्या शिस्तीची कमाल. पण त्यांत बेडेकरांचा वांटा नेमका कोणता हें वेगळें काढून दाखवितां येत नाहीं. कादंबरीवर एकाचेंच नांव असतें, बोलपटावर शंभरांचें. ‘लाखाराणी’ (१९४५) ह्या पुढच्या चित्रपटांत बेडेकरांच्या हाताखालीं विशींतला एक मुलगा साहाय्यक म्हणून काम करीत होता व त्यांत त्यानें छोटीशी भूमिकाहि केली. त्याचें नांव गुरुदत्त. ‘प्यासा’ निघाला त्याला अद्याप बारा वर्षें अवकाश होता.

स्वातंत्र्यानंतर बेडेकरांनीं ‘वासुदेव बळवंत’ (१९५०) काढला. वासुदेव बळवंत फडके हे पनवेलनजीकच्या शिरढोणचे, म्हणजे अंबरनाथ-बदलापूरच्या रहिवाशांना डोंगरापलीकडचे शेजारी. त्यांनीं १८७९ मध्यें इंग्रजांविरुद्ध बंड उभारलें, पकडले गेले, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजीं एडनच्या तुरुंगांत निवर्तले. इंग्रजी अमदानींत असा बोलपट सेन्सॉरच्या कातरींतून सुटला नसता. तो काढण्याला राज्य बदलावें लागलें. येथेंहि आयर्लंडची आठवण होते. १९२२ मध्यें मारल्या गेलेल्या मायकेल कॉलिन्स ह्या आयरिश क्रांतिकारकावरील जॉर्डन यांची संहिता बरींच वर्षें पडून होती. चित्रपट १९९६ मध्यें निघाला व व्हेनिसच्या महोत्सवांत त्याला सुवर्णसिंह मिळाला. जॉर्डन यांचा नायक वादग्रस्त, माणसासारखा चुकणारा आहे. आपल्याकडे १९५० मध्यें हुतात्म्याला पडद्यावर चुकूं देण्याची तयारी प्रेक्षकांची नव्हती. ‘रणांगणां’तला चक्रधर निर्माण करणाऱ्या लेखकाला ह्या मर्यादेची जाणीव नसेल, असें मानणें कठीण आहे.

बेडेकरांच्या घराविषयीं दोन शब्द सांगितल्यावांचून हें चरित्र पुरें होत नाहीं. १९३८ मध्यें त्यांचा विवाह बाळूताई खरे यांच्याशीं झाला. ‘विभावरी शिरूरकर’ हें टोपणनांव घेऊन १९३३ सालीं ‘कळ्यांचे निःश्वास’ लिहिणाऱ्या आणि साऱ्या महाराष्ट्राला ही बाई कोण म्हणून विचारांत पाडणाऱ्या लेखिका त्याच. पुढें त्या मालतीबाई बेडेकर म्हणून प्रसिद्ध झाल्या. सोलापूरच्या ‘गुन्हेगार’ ठरविलेल्या जमातींच्या वसाहतींत त्यांनीं काम केलें होतें, आणि तारेच्या कुंपणाआडच्या त्या जीवनावर त्यांनीं ‘बळी’ (१९५०) ही कादंबरी लिहिली. नवऱ्याच्या कादंबरींतील माणसांना कोणताच देश घेत नाहीं. बायकोच्या कादंबरींतील माणसांना स्वतःचाच देश कुंपणांत कोंडतो. एकाच छताखालीं अशा दोन कादंबऱ्या झाल्या, ही मराठी वाङ्मयांतील एक विलक्षण घटना आहे. मालतीबाई मात्र लिहीत राहिल्या.

बेडेकरांच्या बोलपटांच्या अखेरच्या पर्वांत सिंधची वाट पुन्हा एकदां त्यांच्याकडे येऊन मिळते. एफ. यू. रामसे हे फाळणीपूर्वीं कराचींत रेडिओचे दुकानदार होते. फाळणीनंतर तेहि इतर सिंधी कुटुंबांप्रमाणें मुंबईस आले आणि येथें चित्रपटनिर्मितीच्या धंद्यांत शिरले. त्यांच्यासाठीं बेडेकरांनीं ‘रुस्तम सोहराब’ (१९६३) दिग्दर्शित केला. बापाच्या हातून नकळत मुलाचा वध होतो ती इराणी महाकाव्यांतली कथा; पृथ्वीराज कपूर रुस्तम झाले, सज्जाद हुसेन यांचें संगीत होतें, आणि सुरैय्याचा तो शेवटचा चित्रपट ठरला. पुढें त्याच निर्मात्यासाठीं ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ (१९७०) झाला. तो पडला. परंतु त्यांत पृथ्वीराज भेसूर मुखवटा घालून चोरी करावयास येतात असा एक प्रसंग होता. प्रेक्षक तेवढ्याच प्रसंगाला दाद देतात, हें रामसे यांच्या मुलांनीं थिएटरांत बसून हेरलें, आणि ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) पासून हिंदी पडद्यावर भुताखेतांच्या चित्रपटांची रांगच लागली. ‘रणांगणा’च्या लेखकाच्या पडलेल्या बोलपटांतून रामसे बंधूंचीं भुतें उठलीं, हें सांगितलें तर पुष्कळांना थट्टाच वाटेल. बोलपटाच्या धंद्यांत एखाद्याचा वारसा कोठून कोठें जाईल ह्याचा नेम नसतो.

ह्यानंतर बेडेकर पुन्हा लेखणीकडे वळले, पण कादंबरीकडे नव्हे. जेथून निघाले होते त्या रंगभूमीकडे ते परतले. ‘टिळक आणि आगरकर’ (१९८०) ह्या नाटकांत त्यांनीं एका मैत्रीचा व तिच्या फुटीचा शोध घेतला. ‘शेजारी’चाच हा विषय निराळ्या पातळीवर आला, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं, फरक एवढाच, कीं येथें कोणी खलपुरुष नाहीं, दोघांचीहि बाजू खरी आहे, आणि धरण दोघांनीं मिळूनच बांधलेलें आहे. मुंबईस भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपदहि त्यांना उतारवयांत मिळालें.

‘एक झाड आणि दोन पक्षी’ हें त्यांचें आत्मचरित्र. त्याला १९८५ चें साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. नांव मुंडकोपनिषदांतून आलेलें आहे : एकाच झाडावर दोन पक्षी बसले आहेत, एक फळ खातो आहे आणि दुसरा न खातां नुसता पाहतो आहे. आत्मचरित्रकार बहुधा पहिल्या पक्ष्याची बाजू घेऊन लिहितात. बेडेकरांनीं दुसऱ्याची घेतली. स्वतःचें अपयश, स्वतःचे हट्ट, संसारांतील ओढाताण, धंद्यांतील फजिती हें सारें त्यांनीं एखाद्या तिऱ्हाइताकडे पाहावें तसें पाहून लिहिलें. दयामाया दाखविली नाहीं आणि टाळ्याहि मागितल्या नाहींत. त्या पुस्तकाची शैली ‘रणांगणा’चीच आहे. प्रसंग तसेच मध्येंच सुरू होतात व मध्येंच तुटतात, वाक्यें तशींच लहान आहेत. मधल्या पंचेचाळीस वर्षांत पुस्तकांच्या बाजारानें कितीतरी नवे साज पाहिले. ह्या लेखकाचा हात मात्र फारसा बदलला नव्हता. ज्यांना दुसरी कादंबरी न मिळाल्याची खंत आहे त्यांनीं हें पुस्तक ‘रणांगणा’शेजारीं ठेवून वाचावें.

बेडेकर ३० ऑक्टोबर १९९८ रोजीं वारले. मालतीबाई २००१ मध्यें. त्यांच्या बोलपटांपैकीं ‘शेजारी’ व ‘रामशास्त्री’ जुन्या चित्रपटांचे रसिक अजून पाहतात. ‘रणांगण’ पुन्हा पुन्हा छापली जाते. उल्हासनगरांतील मूळच्या बराकींच्या जागीं आतां दाट बाजारपेठ आहे. पण तेथील भागांना लोक अद्याप पांच ‘कँप’ म्हणूनच ओळखतात.